नवा प्रशिक्षक निवडताना



शाळेला नवे मुख्याध्यापक हवे असोत, तालमीला नवा वस्ताद हवा असो की संघाला नवा प्रशिक्षक, निवडीची वेळ आली की प्रत्येकाला मत असते. निवड कशी करावी, याचा अभ्यास मात्र फारसा कोणी करत नाही. म्हणून या अंकात आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतले आहे, ते अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे. तेथे आपली कोणाचीच बाजू नाही, त्यामुळे शांतपणे विचार करता येतो.

प्रथम खेळाविषयी थोडे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते. मैदानात एका वेळी अकरा खेळाडू असतात, पण मोठ्या विद्यापीठाच्या संघात शंभरावर विद्यार्थी असतात. मुख्य प्रशिक्षक गावोगाव जाऊन मुले हेरतो, त्यांच्या घरी बसून आईवडिलांना शब्द देतो. त्याची निवड साधारणपणे क्रीडा संचालक आणि कुलगुरू करतात. मोठे करार विश्वस्तांपुढे मंजुरीसाठी येतात. म्हणजे निवडणारे मोजके आणि परिणाम भोगणारे अनेक, हे तेथेही आपल्यासारखेच आहे.

मोठ्या माणसाच्या मागून

अलाबामा विद्यापीठात पॉल ब्रायंट हे १९५८ ते १९८२ अशी २५ वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. निवृत्तीनंतर महिनाभरातच, जानेवारी १९८३ मध्ये, त्यांचे निधन झाले. लोकांच्या मनातील ती जागा काही भरेना. १९८३ ते २००६ या काळात विद्यापीठाने सात जणांची निवड केली. त्यातील माइक प्राइस यांना तर एकही सामना खेळवण्याआधी, मे २००३ मध्ये, गैरवर्तनावरून काढावे लागले.

या काळातील बिल करी यांची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १९८७ ते १९८९ या तीन हंगामांत त्यांच्या संघाने २६ सामने जिंकले आणि फक्त १० गमावले. तरीही ते ‘आपले’ नव्हते, ब्रायंट यांच्या परंपरेतले नव्हते, हे लोक विसरले नाहीत. त्यात शेजारच्या ऑबर्न विद्यापीठाकडून तिन्ही वर्षे हार झाली. शेवटी ते स्वतःच दुसरीकडे निघून गेले. उलट १९९० साली आलेले जीन स्टॉलिंग्ज हे ब्रायंट यांच्याच तालमीत वाढलेले होते आणि १९९२ साली त्यांनी विजेतेपदही मिळवून दिले. पण २००३ साली निवडलेले माइक शूला हेही याच विद्यापीठाचे जुने खेळाडू होते, आणि त्यांना २००६ मध्ये जावे लागले. म्हणजे ‘आपला माणूस’ ही कसोटी कधी लागू पडली, कधी फसली. तिच्यावर विसंबून राहता येत नाही, एवढेच यातून कळते.

जानेवारी २००७ मध्ये निक सेबन आले. ते अलाबामाचे नव्हतेच. उलट प्रतिस्पर्धी लुइझियाना राज्य विद्यापीठाला त्यांनी २००३ चे विजेतेपद मिळवून दिले होते. पहिल्या हंगामात ७ विजय आणि ६ पराभव झाले. त्यांतला एक पराभव तर लुइझियाना-मन्रो या लहान विद्यापीठाकडून होता. तेव्हाच धीर सोडला असता तर? विद्यापीठाने आठ वर्षांचा करार केला होता आणि तो पाळला. तिसऱ्या वर्षी, २००९ साली, संघ एकही सामना न हरता विजेता झाला. पुढे २०२० पर्यंत आणखी पाच विजेतेपदे मिळाली.

कागद तपासावा

दुसरे उदाहरण नोत्र दाम विद्यापीठाचे. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्ज ओलिरी यांची तेथे निवड जाहीर झाली आणि पाच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपण पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि महाविद्यालयात फुटबॉल खेळलो आहोत, अशी माहिती त्यांच्या परिचयपत्रात होती. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. एका वार्ताहराने जुन्या सहाध्यायांकडे चौकशी केली, तेव्हा हे उघडकीस आले. विद्यापीठाने आधीच चार ठिकाणी विचारले असते, तर ही नामुष्की टळली असती.

विद्यार्थ्यांनी पुढचे नीट वाचावे. ओलिरी यांच्या अंगी गुण नव्हते असे नाही. २००४ साली ते सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात गेले. पहिल्या वर्षी सर्व ११ सामने हरले, पण २०१३ च्या हंगामात त्याच संघाने १३ पैकी १२ सामने जिंकले. म्हणजे खोट्या पदवीची त्यांना गरजच नव्हती. तारुण्यात लिहिलेल्या दोन ओळी उतारवयात आड आल्या.

मागे राहिलेली मुले

१० जानेवारी २०२४ रोजी सेबन निवृत्त झाले. दोनच दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलेन डिबोअर यांना आणले. डिबोअर यांचा संघ त्याच आठवड्यात राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. मग वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा प्रशिक्षक घेतला, ॲरिझोनाने सॅन होजे राज्य विद्यापीठाचा आणि सॅन होजेला नवा शोधावा लागला. एक जण निवृत्त झाला आणि चार विद्यापीठांतील मुलांचे प्रशिक्षक बदलले. त्या मुलांना घरी येऊन शब्द देणारा माणूस निघून गेला होता. काही खेळाडू मग दुसऱ्या विद्यापीठांत गेले. निवडीच्या चर्चेत करार, पगार, विजय हे सगळे येते. या मुलांचा विचार सर्वांत शेवटी येतो. तो सर्वांत आधी व्हावा, असे आम्हांस वाटते.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गेलेल्या माणसाची प्रतिकृती शोधू नये. आज आपल्या मुलांना काय हवे ते आधी ठरवावे. नाव कितीही मोठे असो, कागद तपासावा आणि पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करावी. आणि एकदा पारखून निवड केली, की पहिल्या वर्षाच्या निकालावरून माणसाला घरी बसवू नये. पहिली दोन कामे विश्वस्तांची आहेत. तिसरे आपणां सर्वांचे, विशेषतः पालकांचे आहे. निवड झालेल्या माणसाची परीक्षा लोक रोज घेतात. निवडणाऱ्यांची परीक्षा मात्र नेमणुकीच्या आधीच झालेली असते.

स्वाध्याय

१. बिल करी यांनी २६ सामने जिंकूनही लोक नाराज का राहिले? हे तुम्हांस न्याय्य वाटते का?
२. ओलिरी यांनी खरी माहिती दिली असती तर काय झाले असते, यावर दहा ओळी लिहा.
३. तुमच्या वर्गाच्या संघासाठी प्रशिक्षक निवडायचा आहे. त्यांना विचारायचे पाच प्रश्न तयार करा आणि ते घरी आईवडिलांना दाखवा.