बाळाची लघवी आणि दुधाचा डबा

2008 च्या सप्टेंबरात चीनच्या गान्सू प्रांतातले डॉक्टर चक्रावून गेले. मुतखडा हा सहसा मोठ्या माणसांचा आजार. इथे मात्र अंगावर पिण्याच्या वयाची बाळं दाखल होत होती आणि सोनोग्राफीत त्यांच्या किडनीत खडे दिसत होते. काहींची तर लघवीच बंद. चौकशीत सगळ्यांमध्ये एकच गोष्ट सारखी निघाली, ती म्हणजे दुधाची पावडर. 11 सप्टेंबरला शांघायचे वार्ताहर जिआन गुआंगझोऊ यांनी कंपनीचं नाव छापलं: सानलू. कंपनीकडे तक्रारी डिसेंबर 2007 पासूनच येत होत्या. मधले नऊ महिने बाळं तीच पावडर पीत राहिली.

दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी भरतात. ते लपवायला दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. न फुटणाऱ्या ताटल्या ज्या प्लास्टिकच्या बनतात, त्यात वापरलं जाणारं हे रसायन. प्रथिनं मोजण्याची रूढ चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनच्या वजनात 66 टक्के नायट्रोजनच असतो. त्यामुळे पाणचट दूध कागदावर कसदार ठरलं. तान्ह्या बाळाच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त असतं. मेलामाइनची त्याच्याशी गाठ पडली की खडे होतात. शिवाय पावडरवरच्या बाळाचं सगळं पोषण त्या एकाच डब्यातून. जवळपास 3 लाख मुलं बाधित झाली, 50 हजारांहून अधिक रुग्णालयात गेली, सहा दगावली. स्वतःचा मुलगा आजारी पडल्यावर पीडित पालकांना एकत्र करणारे झाओ लिआनहाई यांना 2010 मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. हे वाचून आजही संताप येतो.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना लघवी करताना कळवळून रडायची. शेजारच्या आजी म्हणाल्या, “उन्हाळी लागलीय गं, धण्याचं पाणी पाज.” डॉक्टरांनी मात्र प्रश्नांची सरबत्तीच केली. दिवसातून किती लंगोट ओले होतात? लघवीचा रंग कसा? दूध कुठलं, पावडरचं असेल तर डबा घरी आहे का? निघाला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, औषधांनी बरा झाला. पण ते प्रश्न डोक्यात पक्के बसले. चीनमधल्या बाळांची लक्षणं त्याच प्रश्नांशी जुळणारी होती: रडणं, लालसर लघवी, मग लघवी कमी होत जाणं.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांना उपचारांसाठी नागपुरात आणलं गेलं, तेव्हाही खूण तीच, लघवी थांबली. तिथे दोष अन्नाचा नव्हता, खोकल्याच्या औषधाचा होता. त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. वीसहून अधिक मुलं गेली.

अशी भेसळ घरी ओळखता येत नाही, आणि दूध उकळून मेलामाइन जातही नाही. ती राखण सरकारी प्रयोगशाळांनीच करायची, आणि त्यांच्याकडून ती मागत राहायला हवी. आईबापांच्या हातात दोन गोष्टी उरतात, बाळावर लक्ष आणि डबा जपणं. पहिले सहा महिने शक्यतो अंगावरचंच दूध द्या. पावडर द्यावीच लागली तर डबा संपेपर्यंत त्याचं वेष्टन, बॅच नंबर आणि दुकानाचं बिल ठेवा. संशय आला तर उरलेली पावडर फेकू नका, झाकण लावून डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धण्याचं पाणी, काढे काही पाजू नका. खोकल्याचं औषधही मनाने आणू नका.

आणि लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, लघवी लाल दिसली, चेहरा किंवा पाय सुजले, तर घरगुती उपायांची वाट न बघता बाळाला उचला आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. जाताना डबा आणि औषधाची बाटली पिशवीत टाका.