मांडीवर उघडायची पुस्तकं

मी लहान मुलांसाठी लिहिते. जन्म दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. उमेदीची वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात गेली, तीही बहुतेक घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत. आता यवतमाळात घर आहे. लेक पुण्याला असते, पण उन्हाळ्यात नातीला घेऊन माहेरी येते आणि मग घरभर पुस्तकं पसरतात. पहिली-दुसरीच्या वर्गांनी आणि घरातल्या माणसांनी मला जे शिकवलं, ते इथे मांडते आहे.

१. शब्द आधी कानाने शिकायचा

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसायची. कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणायचो. गाणी संपली की खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवायची आणि आम्ही विचारायचो, गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं. मग नावं सुरू व्हायची. फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याचे लाडू, करंजी, सांजोरी, चिवडा. डबा उघडेपर्यंत आमच्याजवळ शब्दांशिवाय काही नसायचं. जिला जास्त नावं ठाऊक, तिचा मान मोठा. नव्या पदार्थाचं नाव कळावं म्हणून मी मायच्या मागे स्वयंपाकघरात फिरत असे. भाषेची गोडी मला तिथे लागली, शाळेत जायच्या आधी.

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की मोठी माणसं झडत्या म्हणायची. एकाने म्हटली की दुसरा तिला उत्तर द्यायचा. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी बैल घेऊन त्याच झडत्या घोकायचो. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आम्हाला कळत नसे, पण यमक कुठे पडतं आणि श्वास कुठे घ्यायचा हे पक्कं ठाऊक असे. लहान मुलाला अर्थाआधी ताल कळतो, हे मला बालसाहित्यावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा पोळ्याने नीट शिकवलं.

पुढे लीळाचरित्र वाचलं तेव्हा एक गोष्ट पाहून मी हरखून गेले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपुरात, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. त्यात कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या मेणाच्या घराची गोष्ट आहे. आपण लेकरांना भरवताना सांगतो ती चिऊ-काऊची गोष्ट वऱ्हाडाच्या मातीत सातशे वर्षांपूर्वी लिहिली गेली! लिहिली जाण्याआधीही ती कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असणारच. एवढी वर्षं ती टिकली, कारण ती सांगायला सोपी आहे. पाऊस, दार, टकटक आणि आतून येणारं तेच ते उत्तर.

म्हणून माझा नियम असा की कच्चं लिखाण आधी मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळली तिथे वाक्य बदलायचं. कागदावर कितीही छान दिसत असलं, तरी तोंडात बसत नाही ते वाक्य लहान मुलाच्या पुस्तकात राहू द्यायचं नाही.

२. चित्र सांगतं ते आपण लिहू नये

चित्रपुस्तक बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांचं असतं. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या पडतात, त्या हिशेबाने ही संख्या ठरते. एवढ्या जागेत बोलायचं तर चित्राला आणि शब्दाला कामं वाटून द्यावी लागतात. चित्रात पाऊस दिसतो आहे तर पाऊस पडत होता हे लिहून काय मिळवायचं? त्या ओळीत पावसाचा आवाज लिहावा, नाहीतर कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली आजीने कोणतं भांडं ठेवलं ते लिहावं. पान उलटण्याची जागाही विचार करून ठरवावी लागते, कारण मुलाचा हात त्या कोपऱ्यावर आधीच येऊन थांबलेला असतो.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा उघडते. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यामुळे त्यांच्या पानावर शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. मला चित्र काढता येत नाही, मी चित्रकारावर अवलंबून असते. कापूसवेचणीची गोष्ट लिहिली तेव्हा मी चित्रकाराला नुसती संहिता पाठवली नाही. पऱ्हाटीची फांदी, पाती, कच्चं बोंड, फुटलेलं बोंड, कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया, या सगळ्यांचे फोटो पाठवले. कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हेही कळवलं. आमच्या जिल्ह्यातल्या पोराला हे ठाऊक असतं. कापसाचं चित्र चुकलेलं दिसलं तर त्याचा त्या पुस्तकावरचा विश्वास जातो, आणि मग शब्द कितीही गोड असले तरी तो ऐकत नाही. चित्रकाराला वावर दाखवणं हा लेखनाचाच भाग आहे, असं माझं मत आहे.

३. घर म्हटलं की कोण कोण

हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’ या संचात एका लहान मुलीच्या नजरेतून घरातली माणसं भेटतात. त्यांच्या साध्या सवयी, राग, लाड. काही मोठं घडत नाही, आणि तरी मुलं ती पुस्तकं सोडत नाहीत. आपल्या माणसांकडे नीट पाहायला ती शिकवतात. ती पुस्तकं वर्गात वाचून झाल्यावर मी मुलांना आपापलं घर काढायला सांगत असे. आई, बाबा आणि दोन मुलं असं चित्र काही वह्यांतच असायचं. एकाने आजी, धाकटी बहीण आणि शेळी काढली. त्याचे मायबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, ते उन्हाळ्याच्या तोंडी परतणार होते. एकीने मामाचं घर काढलं, कारण ती तिथेच राहायची. काही चित्रांत बाप नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकाला अशा चित्रापुढे प्रश्न विचारावा लागत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या आणि उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकऱ्याच्या विधवा. त्या संमेलनाभोवती वाद पुष्कळ झाले. मला आठवतं ते एवढंच, की आमच्या जिल्ह्यातल्या एका घरातली बाई त्या व्यासपीठावर उभी राहिली. तिचं घर मराठी साहित्याच्या मांडवात आलं, मग बालसाहित्यात का येऊ नये, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यामागे लागला.

त्यावर मी बराच विचार केला. दुःखाची गोष्ट पाच वर्षांच्या मुलाच्या मांडीवर ठेवायची नाही, हे मनाशी पक्कं होतं. मग असं एक घर लिहिलं, ज्यात माय आहे, आजी आहे, सायकल शिकवणारा काका आहे. बाप नाही, आणि तो का नाही याचा एक शब्द कुठे नाही. गोष्ट हरवलेल्या बकरीच्या पिल्लाची. एका शाळेत ती वाचून दाखवली तेव्हा पुढच्या ओळीतली पोरगी म्हणाली, “हे तं आमच्यावानीच घर आहे, मॅडम.” तिला त्या पुस्तकात कुणी बिचारी म्हटलं नव्हतं, म्हणून ती हे मोकळेपणाने म्हणू शकली. आपलं घर जसं आहे तसं पुस्तकात छापलेलं दिसणं, हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे असं मी मानते.

४. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा सांगावी

न कंटाळता सांगावी, आणि एक शब्दही न बदलता. माझी नात झोपेत असली तरी गाळलेलं वाक्य पकडते. पुढे काय होणार हे ठाऊक असणं मुलाला आवडतं. त्याच्या आयुष्यातल्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी मोठी माणसं न विचारता बदलत असतात.

५. घरच्या बोलीला पुस्तकात जागा द्यावी

मी निवेदन साध्या प्रमाण मराठीत करते आणि माणसांना त्यांच्या वऱ्हाडीत बोलू देते. “मले भूक लागली” असं पोरगं म्हणतं, तसंच छापते. काही पालक विचारतात, पुस्तकातच असं असलं तर लेकरू शुद्ध कधी बोलणार? मी त्यांना सांगते, तुमचं लेकरू रोज सकाळी घरून शाळेत येताना एका भाषेतून दुसरीत येतं आणि संध्याकाळी परत जातं. तेवढी अक्कल त्याच्यात आहे. शंकर बडे यांच्यासारख्या कवीने यवतमाळची वऱ्हाडी भरल्या सभागृहांत ऐकवली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मोठ्यांना जिचं कौतुक आहे, ती बोली मुलांच्या पुस्तकात आली की अशुद्ध कशी ठरते?

आमच्या जिल्ह्यात वऱ्हाडीपलीकडेही पुष्कळ बोललं जातं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं मूल आईला याडी म्हणतं. गोंडी बोलणारी घरं आहेत. झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजीकडच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी बोलली जाते, जी तेलुगूसारखी द्रविड कुळातली आहे. पोडावरून पहिलीत आलेल्या मुलाला मराठी पुस्तक म्हणजे अक्षरंही नवी आणि शब्दही नवे. असं एक मूल माझ्या वर्गात कितीतरी दिवस गप्प बसायचं. एकदा शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं पुस्तक मी सगळ्यांच्या मधे उघडलं. कोंबडीचं चित्र आलं आणि त्याने तिचं कोलामी नाव घेतलं. मी ते देवनागरीत फळ्यावर लिहिलं, त्याखाली मराठी लिहिलं. त्या दिवशी उरलेल्या सगळ्या चित्रांची नावं त्याने वर्गाला शिकवली. गुरुजी तो होता, आम्ही बाकीचे विद्यार्थी. तेव्हापासून पोडावरच्या आणि तांड्यावरच्या शाळांत जाताना मी आधी चित्रांचीच पुस्तकं पिशवीत टाकते. ज्या भाषेत छापील पुस्तक मिळत नाही, त्या भाषेतही चित्र वाचता येतं.

६. वाचून दाखवणं हे आईचंच काम नाही

माझे वडील सातवी शिकलेले. रात्री वावरातून आल्यावर कंदिलाजवळ बसून ते आम्हाला ‘किशोर’ वाचून दाखवत. बालभारतीने हे मासिक १९७१ मध्ये सुरू केलं. आमच्या गावात अंक उशिराने यायचा आणि हातोहात फिरून मऊ व्हायचा. वडिलांचं वाचन संथ होतं, ते बोट ठेवून वाचत. तरी ते वाचत, हे महत्त्वाचं. बाप वाचतो हे पाहिलेल्या मुलाला वाचन ही मोठ्या माणसांची गोष्ट वाटते आणि त्यालाही ती हवीशी होते. माझ्या जावयाला मी हेच सांगितलं. तो आता नातीला रोज रात्री वाचून दाखवतो.

ज्यांना वाचता येत नाही अशा आज्यांनीही चित्रपुस्तक हातात घ्यावं. चित्र पाहून आपल्या मनाने गोष्ट रचावी. मी हे अनेक घरांत पाहिलं आहे, आणि छापलेल्या गोष्टीपेक्षा आजीची गोष्ट सरस ठरलेलीही पाहिली आहे.

७. पुस्तकं कुलपात ठेवू नयेत

अनेक शाळांत गोष्टींची पुस्तकं येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटात बंद होतात. फाटली तर भरून कोण देणार, ही भीती असते. ती भीती मी समजू शकते, शिक्षकाला हिशेब द्यावा लागतो. पण लहान मुलांच्या हातात पुस्तक फाटतंच. फाटलेलं पान मुलांकडूनच खळीने चिकटवून घ्यावं, त्यांना ते काम फार आवडतं. वर्गात दोरी बांधून पुस्तकं मुलांच्या उंचीवर टांगावीत, मुखपृष्ठ समोर येईल अशी. नुसता कणा दिसला तर सहा वर्षांचं मूल ते उचलत नाही.

पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तरी वाटा आहेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं आहेत, तीही मोफत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला १९६९ पासून चालू आहे आणि तिच्या किमती कमी असतात. मोबाईलवरून वाचायचं असेल तर मोबाईल मुलाच्या हातात देऊन उठून जाऊ नये. मांडीवर घेऊन दोघांनी मिळून वाचावं.

वाचकांना माझी विनंती आहे. येत्या दिवाळीत घरच्या लेकरासाठी एक चित्रपुस्तक घ्याल, तेव्हा दुसरी प्रत आपल्या गावच्या अंगणवाडीसाठी घ्या. ती टपालाने पाठवू नका. स्वतः जा, मुलांच्या मधे खाली बसा, आणि पहिल्यांदा तुम्हीच वाचून दाखवा.