प्रोजेक्टमधून स्वतःची शैली कशी सापडेल?

प्रश्न : मी मूळची धुळ्याची, जळगावला फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रत्येक प्रोजेक्ट इंटरनेटवरच्या चित्रांसारखाच होतो. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : चित्रं बाजूला ठेवा, कापड हातात घ्या. खानदेश कापसाचा मुलूख. सुरुवात सुती कापडापासूनच करा. मग एखाद्या तांड्यावर जाऊन बंजारा बायकांच्या कांचळीवरचे, म्हणजे चोळीवरचे, आरसे जवळून पाहा. आरशाला भोक नसतं; भोवती टाक्यांची चौकट घालून तो धरलेला असतो. विचारून, श्रेय देऊन तो एकच टाका शिका आणि त्याचे दहा नमुने करा. फसलेलेही तारीख घालून वहीत चिकटवा. पुढचा प्रोजेक्ट त्यातल्याच एका फसलेल्या नमुन्यापासून सुरू करा. वर्षअखेर वही चाळा. जे पुन्हा पुन्हा दिसेल, तीच तुमची शैली.