शेजारच्या सुरुंगानं भूमिगत खाणीचं छत पडेल का?

प्रश्न : आम्ही अकोल्याचे. धाकटा भाऊ चंद्रपूरकडे भूमिगत कोळसा खाणीत आहे. शेजारच्या खुल्या खाणीत सुरुंग उडाला की खाली हादरा बसतो. छत पडेल का?

उत्तर : काळजी रास्त आहे. छत पेलणारा कोळशाचा धडधाकट खांब सहसा टिकतो. आधी सुटतात ते छताचे भेगाळलेले थर. तिथला वालुकाश्म आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या पाषाणाइतका कणखर नाही. हादऱ्याचा जोर अंतरावर आणि एका क्षणी किती दारू उडते यावर ठरतो. म्हणून दारू भरलेली भोकं मिलिसेकंदांच्या फरकानं उडवतात. स्फोटावेळी जवळच्या कामावरची माणसं बाहेर हवीतच, यात तडजोड नको. नंतर छत ठोकून पाहतात. खणखणीत आवाज बरा; पोकळ, बद्द आवाज आला तर थर सुटलाय, खाली थांबू नये. ही ठोकणी होते का, भावाला आजच विचारा.