भस्मनिर्मितीसाठी विद्युत् भट्टीची रचना : गजपुटाच्या दृष्टीने

औषधनिर्मिती करणाऱ्या वैद्यबंधूंपैकी अनेकांनी आता पुटासाठी विद्युत् मफल फर्नेस स्वीकारली आहे. गोवऱ्यांचा तुटवडा, पावसाळ्यात बंद पडणारे काम, धुराबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी ही कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. इ. स. २००० मध्ये आलेल्या अनुसूची ‘टी’नेही या उपकरणास मान्यता दिली. मात्र भट्टी विकत घेताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘किती तापमानापर्यंत जाते?’ प्रस्तुत लेखकाने हीच चूक केली होती.

पहिल्या भट्टीत अभ्रकाची वीस पुटे झाली. दर्शकावर प्रत्येक वेळी ९०० अंश सेल्सिअस दिसत होते. तरीही भस्म उन्हात धरल्यावर चंद्रिका स्पष्ट चमकत होत्या. महिन्याभराचा माल रुग्णांना देता आला नाही. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला : तापमापक तारजोड, म्हणजे थर्मोकपल, तापतारेच्या अगदी शेजारी बसविलेला होता. दर्शक तारेजवळचे तापमान सांगत होता आणि शरावसंपुटाच्या मध्याशी ते कितीतरी कमी होते. पुढे दोनच महिन्यांत ती तारही तुटली.

गजपुट म्हणजे केवळ एक तापमान नव्हे. गोवऱ्या पेटल्यावर उष्णता चढते, ९०० ते १००० अंशांच्या आसपास शिखर गाठते, तेथे फार काळ न राहता उतरू लागते आणि राखेच्या आवरणाखाली संपुट दुसऱ्या दिवशी स्वांगशीत होते. म्हणून भट्टी बनवून घेण्यापूर्वी आपल्याच खड्ड्यात, आपल्याच गोवऱ्यांत, संपुटाला लागून थर्मोकपल ठेवून दर पंधरा मिनिटांची नोंद करावी. असा आलेख हाती असला की भट्टीवाल्याशी बोलणे सोपे जाते. खड्ड्याचे माप व गोवऱ्यांची संख्या ग्रंथांनी निश्चित केली, तीही याच आलेखासाठी, असे माझे मत आहे.

आता उष्णतेचा हिशोब पाहू. ३० × ३० × ४५ सेंटिमीटर आतील मापाची कोठी घेऊ. शराव व द्रव्य मिळून १० किलो वजन ९०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे अडीच युनिट वीज पुरते. भिंती मात्र याच्या तिप्पट-चौपट उष्णता पिऊन टाकतात. पूर्ण भिंत सिरॅमिक फायबरची केली तर ही उष्णता वाचते, भट्टी झटपट तापते आणि विक्रेता त्याची जाहिरात करतो. परंतु ती तितक्याच झटपट निवते! भस्मासाठी आत ७५ मिलिमीटर जाडीची हलकी इन्सुलेशन वीट आणि तिच्या मागे ७५ ते १०० मिलिमीटर फायबर, ही मिश्र रचना मला अधिक योग्य वाटते. विटेने साठविलेली उष्णता रात्रभर सावकाश सुटते व स्वांगशीततेचा हेतू साधतो. अशा कोठीला ६ किलोवॅट शक्ती दिल्यास दोन-अडीच तासांत ९०० अंश गाठता येतात.

तारेची निवड हा सर्वांत दुर्लक्षित भाग. निकेल-क्रोमियमची तार, म्हणजे नायक्रोम, परिचित असली तरी गंधकाच्या वाफेने ती लवकर खराब होते. आपल्या कामात गंधक, हरताळ, मनःशिला वारंवार येतात. त्यामुळे लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची, कांथल या नावाने मिळणारी तार घ्यावी. तिच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा थर जमून तिचे रक्षण होते. एकदा तापल्यावर ती थंड अवस्थेत ठिसूळ होते, म्हणून सफाई करताना तिला धक्का लागू देऊ नये.

२३० व्होल्टवर ६ किलोवॅटसाठी प्रवाह २६ अँपिअर होतो आणि रोध ८.८ ओहम असावा लागतो. २.५ मिलिमीटर व्यासाची तार घेतली तर त्यासाठी सुमारे ३० मीटर लांबी लागते. १.६ मिलिमीटरची बारीक तार घेतली तर तेवढाच रोध १२ मीटरमध्ये मिळतो. भट्टी तितकीच तापते, किंमत कमी होते, ग्राहक खूश होतो. परंतु तारेचा पृष्ठभाग आता एक चतुर्थांशच उरलेला असतो. जाड तारेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे अडीच वॅट बाहेर पडत होते, तर बारीक तारेतून जवळजवळ दहा. तार कोठीपेक्षा फारच अधिक तापते आणि जळते. माझ्या पहिल्या भट्टीचे नेमके हेच झाले होते. म्हणून तारेचा व्यास व लांबी दरपत्रकातच लिहून घ्यावी.

थर्मोकपल ‘के’ प्रकारचा, ॲल्युमिनाच्या नळीत बसविलेला असावा. नियंत्रणासाठी एक कोठीच्या मध्यभागी आणि पडताळणीसाठी दुसरा संपुटाला टेकलेला, असे दोन ठेवावेत. कार्यक्रम नोंदविता येणारा नियंत्रक घेतला की खड्ड्यातील आलेख टप्प्याटप्प्याने त्यात भरता येतो. दर्शकाची शंका आल्यास सोनाराकडून शुद्ध चांदीचा छोटा तुकडा आणून मातीच्या मूषेत, थर्मोकपलशेजारी ठेवावा. ९५० ते ९६० अंशांच्या दरम्यान तो वितळला पाहिजे.

शंखभस्माच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ९०० अंशांच्या सुमारास शंखातील कॅल्शियम कार्बोनेटचे विघटन होऊन कळीचा चुना तयार होतो. गोवऱ्यांच्या अग्नीत शिखर थोडाच वेळ टिकते. भट्टीत मात्र ‘जरा जास्त ठेवू’ म्हणून चार तास ठेवले की चुन्याचे प्रमाण वाढते आणि भस्म जिभेला झोंबते. ताप चढविण्यापूर्वी कपडमातीचे संपुट उन्हात पूर्ण वाळलेले असावे, अन्यथा बंदिस्त कोठीत वाफेने संधी फुटतो.

पारद व गंधकयुक्त कल्पांसाठी भट्टीवर धूर ओढून घेणारा पंखा व त्याची स्वतंत्र नळी छपरावर नेणे आवश्यक आहे. पारद ३५७ अंशांवर उकळतो व त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. कूपीपक्व कल्पांसाठी वेगळी उभी भट्टीच घ्यावी. ज्या कोठीत पारदाचे काम झाले तिच्यात शंख किंवा प्रवाळ ठेवू नये, कारण विटांच्या छिद्रांत जमलेला पारद पुढील तापात पुन्हा बाहेर येतो.