एका वेळी एकच बाटली

दिवाळीची साफसफाई निघाली की बाथरूमच्या पिवळ्या फरशीवर सगळा जोर निघतो. आधी अ‍ॅसिड ओतलं जातं. डाग हटत नाहीत, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली जाते. दार लोटून, उकिडवं बसून घासायला सुरुवात केली की काही मिनिटांत डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि खोकल्याची उबळ थांबत नाही. दवाखान्यात आल्यावर पेशंट सांगतात, "डॉक्टर, अ‍ॅसिडचा वास चढला." पण त्यांना छळणारी वस्तू बहुतेक वेळा त्या दोन्ही डब्यांत नसतेच. ती फरशीवर तयार झालेली असते. तिचं नाव क्लोरीन वायू.

हे घडतं कसं?

ब्लीचिंग पावडर (गावाकडची टीसीएल), बाजारातलं लिक्विड ब्लीच आणि करोनाकाळात घरोघरी पोचलेलं 'हायपो' या सगळ्यांत हायपोक्लोराइट असतं. त्यात आम्ल मिसळलं की क्लोरीन मोकळा होतो. आम्ल म्हटलं की आपल्याला फिनेलवाल्याकडची अ‍ॅसिडची बाटली आठवते. पण संडास साफ करायच्या अनेक क्लीनरमध्येही साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व ही तर स्वयंपाकघरातलीच आम्लं.

2020 साली अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने एका महिलेची हकिगत प्रसिद्ध केली होती. करोनाच्या धास्तीने तिने भाज्या भिजवायला सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं. थोड्याच वेळात तिला धाप लागली, छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागला आणि ऑक्सिजन देण्याची वेळ आली. भाजीला नळाचं वाहतं पाणी पुरतं. ब्लीच नकोच.

क्लोरीन श्वासातून आत गेला की श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरात विरघळून तिथेच आम्ल तयार करतो आणि ते अस्तर भाजतं. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर तो सोडला गेला, तेव्हा खंदकांत उतरून साचला तो या वजनामुळेच. बाथरूममध्येही तो आधी फरशीलगत पसरतो, म्हणजे नेमका बसून घासणाऱ्याच्या तोंडापाशी. रांगणाऱ्या बाळाला धोका अधिक, तो यामुळेही. दमेकऱ्यांना तर थोडा वायूही पुरतो.

आणखी काही जोड्या

ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतात. त्यांचा त्रास क्लोरीनसारखाच. काचा पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. मूत्र साचलेल्या संडासात ब्लीच ओतल्यावर नाकात झिणझिण्या येतात त्या यानेच, म्हणून तिथे आधी भरपूर पाणी सोडा. ब्लीच आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर हीसुद्धा विषारी जोडी आहे.

तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक सोडा टाकून काम होईना, म्हणून वर अ‍ॅसिड ओतणं हा सर्वांत धोक्याचा प्रकार. दोन्ही भिडताच एवढी उष्णता निघते की द्रव उसळून थेट डोळ्यांत उडतो. अशी मोरी प्लंबरकडून साफ करून घ्या आणि आत काय टाकलं आहे ते त्याला आधी सांगा.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचा फेस विषारी नसतो. पण ते मिश्रण बाटलीत घालून झाकण लावू नका, बाटली फुटू शकते.

त्रास झालाच तर

- हातातलं काम तिथेच टाका आणि मोकळ्या हवेत या. आगीच्या धुरातून वाकून बाहेर पडायचं असतं. इथे उलट, ताठ उभं राहून निघा.
- बादली उचलायला किंवा फ्लश करायला परत आत जाऊ नका. वायू घालवण्यासाठी वर आणखी काही टाकू नका.
- डोळ्यांत किंवा अंगावर उडालं असेल तर वाहत्या पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटं धुवा. भिजलेले कपडे काढा. डोळे चोळू नका.
- पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं.
- दम्याचा पंप असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे घ्या.

धाप, छातीत आवळल्यासारखं वाटणं, न थांबणारा खोकला, ओठ निळसर होणं, यांतलं काहीही दिसलं तर 108 किंवा 112 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. रुग्णालयात जाताना दोन्ही बाटल्यांचे फोटो सोबत घ्या.

क्लोरीनवर उतारा नाही. ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि देखरेख हाच उपचार. वायू बराच आत गेला असेल तर सुरुवातीला बरं वाटूनही काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं. म्हणून पुढचे 24 तास रुग्णाला एकटं सोडू नका आणि धाप वाढली तर तडक रुग्णालय गाठा.

नियम सोपा आहे

एका वेळी एकच वस्तू वापरा. दुसरी वापरायचीच असेल तर फरशी, ब्रश आणि मग भरपूर पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी वापरा. दार उघडं, पंखा चालू. अ‍ॅसिड किंवा ब्लीच पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात मुलं असतील तर कुलपात ठेवा.

बऱ्याच घरांत हे काम मावशी करतात, तेही रोज तीन-चार घरी. त्यांच्या हाती दोन्ही बाटल्या देऊन "चकाचक करा" म्हणू नका. कोणती बाटली कशासाठी, हे दाखवून सांगा, हातमोजे द्या. खरं तर रोजच्या सफाईला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. त्यामुळे पुढच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतून अ‍ॅसिड काढूनच टाका.