नागपूरची सहल आणि वाघाचा अभ्यास



दिवाळीच्या सुट्टीत घाटंजीतील पुष्कळ कुटुंबे नागपूर पाहायला जातात. या वर्षी आम्हीही गेलो. आई, बाबा, आजी, लहान भाऊ आणि मी. बाईंनी वर्गात सांगितले होते, "जेथे जाल तेथे सगळे पाहा, पण एकच गोष्ट नीट पाहून तिची माहिती लिहून आणा." मी वाघ निवडला.

त्याचे कारण सांगते. टिपेश्वर अभयारण्य आपल्या घाटंजी व शेजारच्या केळापूर तालुक्यात आहे. आमचे वावर त्याच बाजूला आहे. तूर शेंगेवर आली की रानडुकरांपासून पीक राखायला बाबा रात्री जागलीला जातात. ते घरी येईपर्यंत आई झोपत नाही. वाघाचे नाव आमच्या घरी रोज निघते, पण घरातल्या एकानेही वाघ पाहिलेला नव्हता. तो पाहायला नागपूरला जावे लागले!

आम्ही एस. टी. ने यवतमाळ, वर्धा करीत गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरलो. प्रथम अजबबंगला पाहिला. त्याचे खरे नाव मध्यवर्ती संग्रहालय. ते १८६३ साली सुरू झाले. नागपूरला आगगाडी आली १८६७ साली, म्हणजे हा बंगला आगगाडीपेक्षाही जुना. येथे जुनी नाणी, शस्त्रे, दगडी मूर्ती आणि पेंढा भरलेले प्राणी आहेत. मूर्तींच्या दालनात आजी प्रत्येक मूर्तीला हात जोडत होती, त्यामुळे तेथेच आमचा एक तास गेला. पेंढा भरलेल्या प्राण्याची कातडी खरी असते, पण डोळे काचेचे असतात. भाऊ त्यांना भ्यायला नाही.

तेथून महाराजबागेत गेलो. ही बाग पूर्वी नागपूरच्या भोसले राजांची होती. १८९४ साली तेथे प्राणिसंग्रहालय झाले. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे व नागपूरचे कृषी महाविद्यालय त्याची व्यवस्था पाहते. हे ऐकून बाबांना फार नवल वाटले. "शेतीचं कालेज आन वाघ पोसते?" असे ते दोनदा म्हणाले. पालकांसाठी एक सूचना. सोमवारी अजबबंगला व महाराजबाग दोन्ही बंद असतात, म्हणून सोमवारी जाऊ नये.

वाघाच्या पिंजऱ्यापुढे गर्दी होती. मुले ओरडत होती, एक माणूस शीळ वाजवत होता. वाघ कोणाकडेच बघत नव्हता. तो जाळीच्या कडेने जायचा, कोपऱ्यात वळायचा आणि त्याच वाटेने परत यायचा. मी वहीत रेघा मारल्या. पंधरा मिनिटांत त्याने ३१ फेऱ्या केल्या. एक फेरी जाऊन येऊन अंदाजे २० मीटरची असावी. पायाखाली गवत उरले नव्हते, वाट पडली होती, जशी आपल्या वावरात बैलांच्या जाण्यायेण्याने पडते तशी. बंदिस्त जागेतले मोठे प्राणी पुष्कळदा अशा फेऱ्या घालतात. त्यांना शिकार करायची नसते, हद्द राखायची नसते, पण पाय मात्र चालायलाच बनलेले असतात.

आई म्हणाली, "सगळ्या वाघायले असंच कोंडून ठेवलं पाह्यजे. माह्या जिवाले घोर तर राह्यणार नाही." बाबा काहीच बोलले नाहीत. ते पिंजऱ्यापुढून हलायलाच तयार नव्हते.

आईचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. आपल्याकडच्या लोकांना २०१८ साल आठवते. राळेगाव, पांढरकवडा भागात १३ माणसे मारल्याचा ठपका असलेल्या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. सरकारी नोंदीत ती टी-१ होती, पेपरवाले तिला अवनी म्हणत. तिच्या दोन पिलांपैकी मादी पिलाला पुढे पकडून पेंचच्या जंगलात नेले. शहरातल्या लोकांनी तिच्यासाठी मोर्चे काढले. इकडे मात्र लोक दिवसासुद्धा एकट्याने वावरात जात नव्हते.

नागपूरला आणखी एक ठिकाण आहे, गोरेवाडा. तेथील प्राणी उद्यान २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. तेथे प्राणी मोठ्या मोकळ्या जागेत असतात व माणसे बंद गाडीतून फिरतात. म्हणजे पिंजऱ्यात आपण! जखमी किंवा पकडलेल्या वन्य प्राण्यांना ठेवण्याचे केंद्रही तेथेच आहे. ते लांब पडते व पाच जणांचे तिकीट आम्हाला परवडले नसते, म्हणून आम्ही गेलो नाही. रामन विज्ञान केंद्र पाहिले, तेही चांगले आहे. भावाला सगळ्यात जास्त मेट्रो आवडली. असो.

आता खरा अभ्यास. परत आल्यावर बाईंनी मला टिपेश्वरच्या एका वाघाची माहिती मिळवून दिली. टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. वाघांची संख्या वाढली की तरुण नराला तेथे जागा उरत नाही. मोठा नर त्याला हाकलतो. मग तो नवी हद्द, शिकार आणि जोडीदार शोधायला निघतो. एका वाघाला वर्षाला साधारण ५० हरणांएवढी शिकार लागते, म्हणून त्याला जागाही मोठी लागते.

अशाच एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये वनखात्याने व शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला. तो पट्टा वाघ कोठे आहे हे उपग्रहामार्फत कळवीत असे. पावसाळ्याच्या तोंडावर वाघ निघाला. पैनगंगा अभयारण्य, तेलंगणाचा काही भाग, हिंगोली, वाशीम, अकोला असे करीत डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाकडेतिकडे, मागेपुढे धरून त्याची एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. लोकांनी त्याचे नाव वॉकर ठेवले, म्हणजे चालणारा. त्याची वाट बहुतेक वावरांतून, नाल्यांच्या काठाने आणि रस्ते ओलांडून गेली. दिवसा तो झुडपात पडून राही व रात्री चाले. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाचा जीव घेतला नाही.

मित्रांनो, येथे एक गणित करून पाहा. ३००० किलोमीटर म्हणजे ३०,००,००० मीटर. पिंजऱ्यातली एक फेरी २० मीटरची धरली तर वॉकरएवढे चालायला महाराजबागेच्या वाघाला किती फेऱ्या लागतील? उत्तर १,५०,००० येते. मी ताळा करून पाहिला आहे. मला वाटते, वाघ म्हणजे काय हे अजबबंगला व महाराजबाग या दोन्ही ठिकाणांपेक्षा या आकड्यावरून जास्त कळते. तरी महाराजबाग पाहायला अवश्य जावे. वाघाचा पंजा केवढा असतो आणि तो वळताना जराही आवाज कसा होत नाही, हे पुस्तकात कळत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी घरी वाचून दाखवला. वॉकर निघाला ते दिवस पेरणीचे होते. बाबांनी मला तो भाग परत वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या धुऱ्यावरूनबी गेला असंल तो. आपून तिथंच होतो." आईने त्यांना नवी मोठी बॅटरी आणायला सांगितली आहे. या हंगामात बाबा एकटे जात नाहीत, शेजारचे काका आणि ते मिळून दोन वावरांची जागल करतात.